डॉर्कसच्या दारातला हंडा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी फुटका आहे. काठापासून पोटापर्यंत माझ्या अंगावर वीतभर तडा गेलेला आहे आणि माझ्यात घोटभर पाणीसुद्धा टिकत नाही. बिडाचा, तीन पायांचा, दोघांनी मिळून उचलावा असा जुना हंडा मी. सध्या माझा मुक्काम कॅन्ससमधल्या एका लहानशा संग्रहालयात आहे. शाळेची मुलं येतात, माझ्यासमोर थांबतात, आत डोकावतात आणि आत काहीच नाही असं बघून पुढे जातात. त्यांचं काही चुकत नाही. पलीकडच्या कपाटात बंदुका आहेत. बंदुका सोडून हंडा कोण बघत बसेल? पण तुम्ही थांबलाच आहात तर ऐका.

केंटकीतल्या एका भट्टीत मी ओतला गेलो. मला ओतणारा ओतारी गुलाम होता. त्याला त्या दिवशी घाई झाली असावी, कारण माझ्या पोटाखाली चिंचोक्याएवढा एक फोड राहिला तो कायमचाच राहिला. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. माझ्या अंगावर नाव होतं ते भट्टीच्या मालकाचं, चांगलं ठसठशीत. घासून घासून ते पुसून गेलं. बरंच झालं म्हणा.

तागाचा मोठा मळा असलेल्या एका गोऱ्या मालकाने मला विकत घेतलं आणि धुण्याच्या पडवीत आणून ठेवलं. तिथे डॉर्कस होती. चौदा वर्षांची, काटकुळी, मोठमोठ्या डोळ्यांची. तिलाही त्याच मालकाने विकत घेतलेलं होतं. तेव्हापासून आमची जोडी जमली. ती माझ्याखाली जाळ घालायची, राखेचं पाणी आणि चरबी टाकून माझ्यात साबण शिजवायची आणि मळ्यावरच्या साठ माणसांचे कपडे माझ्यात उकळायची. लांब लाकडी थापीने ढवळत राहायची. काम संपलं की थापीचं पाणी झटकायला ती माझ्या काठावर आपटायची. दोनदा लागोपाठ, तिसऱ्यांदा जरा थांबून. ठण् ठण्, ठण्. उभ्या आयुष्यात तिने हा ठेका बदलला नाही. त्या राखेच्या पाण्याने माझ्या अंगाची नुसती आग व्हायची. पण तिच्या हातांची माझ्याहून जास्त आग व्हायची आणि ती चकार शब्द काढायची नाही. मग मी कुरकुर करायची म्हणजे लाजच की!

माझं आणखी एक काम होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. मळ्यावरच्या लोकांना आपली आपण प्रार्थना करायला बंदी होती. मालकाच्या पाद्र्याने जे सांगावं ते ऐकायचं, बस. तरी हे लोक चोरून जमायचे. कधी झोपडीत, कधी ओढ्याकाठच्या झाडीत. आणि जमले की पहिलं काम कोणतं, तर मला दाराशी पालथं घालायचं. काठाखाली एक दगड ठेवायचा, म्हणजे फट राहील. त्यांची अशी पक्की समजूत होती की पालथा हंडा आवाज गिळतो. गाणी, हुंदके, देवाची विनवणी, सगळं माझ्या पोटात जाणार आणि मालकाच्या कानावर काही पडणार नाही.

खरं सांगू? मला आवाज गिळता येत नाही. बिडाच्या भांड्याला कुठून येणार? ते लोकच इतकं हळू गायचे की शेजारच्याला नुसता श्वास ऐकू यावा. पण सगळे माझ्या भरवशावर तोंड उघडायचे, म्हणून मी आपला जीव मुठीत धरून पालथा पडून राहायचो. कोणी पकडलं गेलं नाही. सगळं श्रेय मला मिळालं आणि मीही ते गुपचूप घेतलं. आता तुम्हाला सांगतोय.

पुढे मोठी लढाई झाली. गुलामगिरी संपली. डॉर्कसचं तोवर लग्न झालं होतं, नवरा एनोख, घोड्यांना नाल ठोकणारा. मळा सोडताना तिने मालकिणीकडे एवढंच मागितलं, "हा हंडा नेऊ का?"

"ने जा ते धूड," मालकीण म्हणाली.

धूड म्हणाली मला! पण त्या दिवशी मला राग आला नाही. आम्ही तिघं रस्त्याने चाललो होतो, एनोख गाडी ओढत होता आणि मोठमोठ्याने गात होता. डॉर्कस सारखी म्हणत होती, "हळू गा रे." तो आणखी मोठ्याने गायचा.

मित्रांनो, सुटका झाली म्हणजे भीती सुटली असं नसतं. त्यांना ॲन्सल नावाचा मुलगा झाला, तो दहा-अकरा वर्षांचा झाला, आणि एनोख आता मत द्यायला जायचा, चारचौघांत बोलायचा. गावातल्या काही गोऱ्यांना ते खुपत होतं. एका संध्याकाळी दारात घोडी थांबली. घोड्यांवरच्या माणसांनी तोंडावर पोती बांधली होती. त्यांतल्या एकाने अगदी गोड आवाजात हाक मारली, "एनोख! ए एनोख, जरा बाहेर ये बघू."

आवाज ओळखीचा होता. एनोखने त्या माणसाच्या घोड्याला दोनच दिवसांपूर्वी नाल ठोकले होते. त्याने आतून ओ दिली आणि तो बाहेर गेला. मी दाराशीच होतो. तो माझ्या अंगावरून गेला, आणि परत आला नाही.

त्या दिवसापासून डॉर्कसचा आवाज बसला तो बसला. आजार नव्हता, तिनेच तो दाबून टाकला. बोलली तर कुजबुजल्यासारखं. आणि मनाशी एकच घोकायची, "ओ दिली नसती तर."

काही वर्षांनी बातमी आली की पश्चिमेला, कॅन्ससात, सरकार जमीन देतंय. पाच वर्षं राहा, शेत कसा, घर बांधा, जमीन तुमची. रंग विचारत नाहीत म्हणे. ॲन्सल तोवर बाप्या झाला होता. त्याची बायको बाळंतपणात गेली होती आणि मागे एक तान्ही पोर ठेवून गेली होती, ट्रायफिना. एवढं मोठं नाव कोण घेणार, सगळे तिला फिनी म्हणायचे. फिनी तीन वर्षांची असताना हे लोक निघाले. तीस कुटुंबं, थोडी गाढवं, थोड्या गाड्या, बाकी सगळे पायी.

"आई, हे धूड कशाला?" ॲन्सलने मला बघून कपाळाला हात लावला. पुन्हा धूड! "तिकडे भांडी मिळतील की."

"मिळतील तेव्हा मिळतील," डॉर्कस कुजबुजली. "हंडा येतोय. गाडीत जागा नसेल तर तू मागे राहा."

ॲन्सल हसला आणि त्याने मला गाडीत चढवलं.

तिथे पोचल्यावर बायका रडायला लागल्या. रडतील नाहीतर काय? झाड म्हणून औषधाला नव्हतं. नजर जाईल तिथवर गवत, माणसाच्या छातीएवढं, आणि वारा. लाकूडच नाही तर घर कशाचं बांधणार? मग टेकडीच्या कुशीत खणून, पुढे मातीच्या ढेकळांची भिंत रचून लोक राहायला लागले. पहिला हिवाळा सशाच्या मांसावर आणि मक्याच्या भाकरीवर निघाला. काकवी होती ती पोरांपुरती. पण वसंतात कुदळीने, फावड्याने, नुसत्या हातांनी जमीन फोडली त्या लोकांनी. मी बघत होतो. विहिरी खणल्या, शाळा काढली, चर्च बांधलं, गावाला बायबलातलं नाव दिलं, नवं शायलो. पुढे पुस्तकांत पायोनियर, म्हणजे पहिले वसाहतकार, म्हणून ज्यांचे फोटो आले, त्यांच्यात हे लोक दिसत नाहीत. फोटो काढणारा आमच्याकडे फिरकलाच नाही.

आणि डॉर्कस? ती इथेही प्रार्थनेला बसताना मला दाराशी पालथं घालायची. काठाखाली दगड ठेवून, अगदी तस्सं.

अर्ध्या मैलावर पर्मेलिया राहायची. टेनेसीची विधवा, अंगाने भरभक्कम, आणि आवाज असा की तिने घरात शिंक दिली तरी आमच्या कोंबड्या उडायच्या. तिला हे बघवायचं नाही.

"अगं डॉर्कस," ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "वीस मैलांत कुत्रं नाही. कोणापासून लपवतेस?"

"सवय आहे."

"सवय कसली डोंबलाची! तू एवढं हळू बोललीस तर देवाला तरी ऐकू जातंय का?"

"त्याचे कान चांगले आहेत," डॉर्कस म्हणायची. "तुझ्यामुळे दुखत असतील, तेवढंच."

पर्मेलिया गडगडाटी हसायची. दोघींचं असं चालायचं, पण एकीच्या घरी भाकरी भाजली की दुसरीच्या घरी पोचायची.

आता मूळ गोष्टीकडे येतो. डॉर्कसने फिनीला एक खेळ शिकवला होता. सशाचा खेळ. अंगणात खेळताना डॉर्कस मध्येच म्हणायची, "ससा!" की फिनी असेल तिथे गवतात सपाट पडायची. हलायचं नाही. मग डॉर्कस मुद्दाम ॲन्सलला हाक मारायला सांगायची, "फिनी! अगं फिनी, काकवी देतो ये!" आणि फिनीने ओ द्यायची नाही. ओळखीचा आवाज असला तरी नाही. बाबांचा असला तरी नाही. आजी स्वतः येऊन डोक्यावर हात ठेवेपर्यंत तोंड उघडायचं नाही. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या तर कोणी न सांगताही पडायचं. पोर अशी पटाईत झाली होती की पावलावर येऊन उभं राहिलं तरी दिसायची नाही. गावातले लोक कौतुक करायचे. मीही केलं, खोटं कशाला बोलू? खेळच वाटायचा तो.

फक्त पर्मेलिया एकदा म्हणाली, आणि तेव्हा ती हसत नव्हती, "डॉर्कस, पोर आहे ती. ससा करून ठेवलास तिचा."

"ससा जिवंत राहतो," डॉर्कस म्हणाली.

फिनी सात वर्षांची असतानाचा तो नोव्हेंबर. सकाळ इतकी उबदार होती की बायकांनी शाली काढून ठेवल्या होत्या. माझ्याखाली जाळ होता आणि माझ्यात कपडे रटरटत होते. लाकूड नव्हतं ना, म्हणून सगळ्या गावाच्या चुली रानशेण्यांवर, माळावर वाळलेल्या शेणावर चालायच्या. फिनी झोळी घेऊन दक्षिणेच्या ओढ्याकडे रानशेण्या वेचायला गेली. रोजचंच होतं ते.

दुपार झाली आणि उत्तरेचं आभाळ एकदम काळंनिळं झालं. वारा फिरला. ॲन्सल शेतातून धावत आला. "फिनी कुठाय?"

"ओढ्यावर," डॉर्कस म्हणाली आणि तिच्या हातातली थापी गळून पडली. त्या मैदानावरचं वादळ म्हणजे काय ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. आदल्या वर्षी एक धडधाकट माणूस गोठ्यातून घरी येताना वाट चुकला होता. पन्नास पावलांचं अंतर. तो वसंतात सापडला.

ॲन्सल आणि आणखी तिघं घोड्यांवर बसून ओढ्याकडे सुटले. पर्मेलिया आली, तिनेही टेकाडावर उभं राहून हाका मारल्या. तासाभराने घोडी परत आली तेव्हा बर्फाच्या सुया अंगाला टोचत होत्या. ॲन्सलच्या हातात झोळी होती, शेण्यांनी भरलेली.

"ओढ्याच्या वळणावर पडली होती," त्याचा घसा बसला होता. "सगळीकडे फिरलो, आई. नाव घेऊन घेऊन ओरडलो. ती तिथे नाहीच. पुढे कुठेतरी भरकटली असणार. आता पूर्वेला जातो."

डॉर्कसने झोळी हातात घेतली. आतल्या शेण्या चाचपल्या. मग तिने वर बघितलं. तिचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. एनोख गेला तेव्हासुद्धा तो तसा नव्हता.

"ती तिथेच आहे," ती म्हणाली. "तुम्ही घोड्यांवरून गेलात. तिचं नाव घेऊन ओरडलात. ॲन्सल, ती तिथेच पडली आहे सपाट. तुम्ही तिच्या अंगावरून गेला असाल."

"पण माझा आवाज ती..."

"बाबांचा असला तरी ओ द्यायची नाही. मीच शिकवलंय." ती मटकन खाली बसली. "मीच मारली रे माझ्या पोरीला."

मग पर्मेलियाने तिचे खांदे धरून तिला गदगदा हलवलं. "रडायला रात्र पडली आहे! तू हाक मार. तुझ्या हाकेला ओ देईल ना?"

"माझी हाक?" डॉर्कस म्हणाली. "पर्मेलिया, तिने माझा मोठा आवाज जन्मात ऐकलेला नाही. तिला कसं कळणार तो माझा आहे?"

खरंच होतं ते. आमच्या फिनीला आजीची कुजबुज माहीत होती. आजीची हाक माहीत नव्हती.

तेव्हा डॉर्कसची नजर माझ्यावर पडली. माझ्याखालचा जाळ अजून धगधगत होता.

"ह्याचा आवाज ओळखेल," ती उठून उभी राहिली. "रोज ऐकते. ह्याला टांगा. गाडीची दांडी उभी करा आणि टांगा ह्याला टेकाडावर. वारा उत्तरेचा आहे, आवाज ओढ्याकडेच जाईल."

ॲन्सलने कपडे आणि पाणी ओतून टाकलं. माझं अंग हात लावला तर भाजेल असं तापलेलं. "आई, ह्या गारठ्यात नेला तर तडकेल तो."

"तडकू दे."

मित्रांनो, मी बिडाचा आहे. तापलेल्या बिडाला गार वारा लागला आणि वर घाव बसला की काय होतं, हे मला त्या ओताऱ्याच्या भट्टीपासून माहीत होतं. मी भ्यायलो होतो का? हो, भ्यायलो होतो. पण मला वर टांगलं तेव्हा मनात म्हटलं, आयुष्यभर आवाज गिळतो म्हणून खोटं खोटं मिरवलंस, आता एकदा खरा आवाज काढ.

कपडे वाळत घालायचा लांब दोर होता. तो कमरेला बांधून माणसं एकामागे एक ओढ्याच्या दिशेने उतरली, म्हणजे कोणी हरवू नये. सगळ्यांत पुढे पर्मेलिया. "मी उडत नाही वाऱ्याने," ती म्हणाली, "मला पुढे जाऊ द्या."

डॉर्कसने गाडीची लोखंडी खीळ उचलली आणि माझ्या काठावर मारली. ठण् ठण्, ठण्. पुन्हा. पुन्हा. पांढरं सगळं, हात लांब केला तर हात दिसत नव्हता. ती मारत राहिली. खालून काही नाही. मग तिने तोंड उघडलं आणि तिच्या गळ्यातून नुसती हवा आली. चौदा वर्षं ज्या गळ्याला दाबून ठेवलं होतं, तो एका हाकेत कसा मोकळा होणार? ती खोकली. तिने दुसऱ्यांदा तोंड उघडलं.

"फिनी!"

अरे बापरे! काय आवाज होता तो! जाडाभरडा, फाटका, पण पर्मेलियाच्याही वरताण. मी पन्नासेक वर्षं त्या बाईबरोबर काढली होती आणि हा आवाज तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

"फिनी! ओ दे! खेळ संपला ग बाई! कोण ऐकायचं ते ऐकू दे, तू ओ दे!"

ठण् ठण्, ठण्. त्या हाकेनंतर तिसऱ्या की चौथ्या वेळी माझ्या काठात काहीतरी कळ निघाली आणि मला कळलं की मी गेलो. आवाज फाटला. तरी ती मारत होती, तरी मी वाजत होतो, फुटक्या आवाजात का होईना.

फिनीची ओ मला ऐकू आली नाही. वारा उलटा होता. मला ऐकू आली ती खालून, दोराच्या पार टोकाकडून आलेली पर्मेलियाची आरोळी. "दिली! ओ दिली ग पोरीने! डॉर्कस, ओ दिली!"

फिनी ओढ्याच्या काठाखाली, एका खबदाडात पोटावर पडलेली होती. घोडी तिच्या डोक्यावरून गेली होती. पर्मेलियाने तिला आपल्या झग्यात गुंडाळून वर आणलं. पोरीचे ओठ निळे पडले होते. डाव्या पायाची दोन बोटं त्या वादळाने नेली ती नेलीच. पण आजीच्या मांडीवर ती शुद्धीवर आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य काय होतं, माहिती आहे?

"आजी, तू रागावलीस? मी ओ दिली. तू हात लावायच्या आधीच दिली."

डॉर्कस मोठ्याने रडली. घराबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तिला कोणीही "हळू" म्हणालं नाही.

मी अर्थातच कामातून गेलो. तडक्या हंड्यात धुणं होत नाही, साबण होत नाही. ॲन्सलने रेल्वेच्या गावाहून नवा पत्र्याचा आणला, आणि त्याच्याबद्दल मी बोलणार नाही, त्याचा आवाज ऐकलात तर तुम्हालाच कळेल. पण डॉर्कसने मला फेकलं नाही. दाराशी ठेवलं, सरळ, तोंड वर करून. पुढे तिने मला कधीही पालथं घातलं नाही. प्रार्थना आता उघड्या दाराने व्हायची. डॉर्कस सुरात गायची नाही, पण मोठ्याने गायची. पर्मेलिया म्हणायची, "तू गप्प होतीस तेच बरं होतं ग बाई. आता मला माझाच आवाज ऐकू येत नाही."

आणि डॉर्कसला एक नवीनच खोड लागली. दिवसातून दहा वेळा ती दारात उभी राहून हाक मारायची. "फिनी!"

शेतातून, विहिरीवरून, शाळेच्या वाटेवरून फिनी ओरडायची, "ओ! काय ग आजी?"

"काही नाही. उगीच!"

आधी फिनी हसायची. बारा-तेरा वर्षांची झाली तेव्हा वैतागायला लागली. लंगडत लंगडत अर्धं शेत ओलांडून यायची आणि म्हणायची, "आजी, काही काम नसताना हाका का मारतेस? मी मधेच टाकून येते."

"तू येऊ नकोस ना. नुसती ओ दे."

जमीन त्यांच्या नावावर झाली. फिनी शिकली, शाळेत शिकवायला लागली. मग जशा गोष्टी होतात तशा झाल्या. रेल्वेचा रूळ येणार येणार म्हणत होते तो आठ मैल लांबून गेला. दुकानं तिकडे गेली, दुकानांमागे माणसं गेली. डॉर्कस गेली, पर्मेलिया गेली. ॲन्सलही गेल्यावर फिनीने घर बंद केलं आणि मुलांबरोबर शहराची वाट धरली. मी जड होतो, फुटका होतो. "धूड" म्हणाली का ती? नाही, ती नाही म्हणाली. तिने मला थोपटलं आणि ती गेली. मग टेकडीची माती घरात उतरली. माझ्यात पावसाचं पाणी यायचं आणि तड्यातून निघून जायचं. एकदा एका साळुंकीसारख्या पाखराने माझ्यात घरटं केलं होतं, ते वर्ष बरं गेलं.

पुष्कळ वर्षांनी कोणा एका शेतकऱ्याचा नांगर मला अडला. त्याने मला इथे आणून दिलं. माझ्यासमोर आता एक पाटी आहे. 'धुण्याचा हंडा. पायोनियर काळ. तडकलेला. मालक अज्ञात.'

अज्ञात? अहो, अज्ञात काय? तिला नाव होतं! ती इथून अकरा मैलांवर राहायची. विचारलं असतं तर कळलं असतं. मला त्या पाटीचा इतका राग येतो, की तोंड असतं तर ह्या सगळ्या बंदुका घाबरून पडल्या असत्या असा ओरडलो असतो.

पण राग जाऊ द्या. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. डॉर्कसचा शेवटचा दिवस. ती आठ दिवस अंथरुणावर होती, तरी दार उघडं ठेवायला लावायची. दुपारची वेळ होती. फिनी लांब, मक्याच्या पलीकडे, कपडे वाळत घालत होती. डॉर्कस कोपरावर उठली. तिने छातीत दम भरला आणि हाक मारली. ती हाक काही फार मोठी नव्हती, पण दारातून बाहेर गेली.

"फिनी!"

"ओ!" शेतातून आवाज आला. "आले ग आजी! काय पाहिजे?"

डॉर्कस परत उशीवर टेकली. "काही नाही ग," ती म्हणाली, आता पूर्वीसारखीच कुजबुजत. "उगीच."

फिनी धावत आली तेव्हा ती शांत होती. फिनी तिच्याजवळ बसून खूप रडली. ती म्हणत होती, "मी ओ दिली होती ना? तिला ऐकू गेली असेल ना?" गेली होती. मी साक्षीला होतो, पण मला सांगता आलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. जुन्या वस्तू जपा, पाट्यांवर नावं नीट लिहा, हे सगळं तर कराच. पण घरातलं कोणी म्हातारं माणूस काही काम नसताना तुम्हाला हाक मारत असेल, तर वैतागू नका. त्यांना काही नको असतं. तुम्ही आहात एवढंच ऐकायचं असतं. हातातलं काम सोडू नका हवं तर. पण ओ द्या, चांगली मोठ्याने द्या.